डबा संपला म्हणजे माप झालं असं नाही

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइलचा एक लाल दिवा असतो. चावी फिरवली की पेटतो, इंजिन सुरू झालं की विझतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात या दिव्याच्या भरवशावर वर्षानुवर्षं गाड्या हाकणारी माणसं ढिगाने आहेत. "दिवा कुठी लागला मॅडम? म्हणजे ऑइल हाये." इतका सोपा हिशोब. माझं त्यांच्याशी भांडण आहे ते याच हिशोबावरून.

तो दिवा तेल किती आहे हे सांगतच नाही. तो दाब सांगतो. इंजिनच्या तळाशी चेंबरमध्ये तेल साठलेलं असतं, पंप ते जाळीतून ओढतो आणि वर बेअरिंगांकडे, कॅमशाफ्टकडे ढकलतो. त्या वाटेवर एक बारकासा स्विच बसवलेला असतो. दाब अगदीच पडला तरच तो दिवा लावतो. चेंबरातलं तेल बरंच खाली गेलं तरी जाळी बुडालेली आहे तोवर पंपाचं भागतं, दाब टिकतो आणि दिवा गप्प बसतो. मग एखाद्या वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर तेल एका अंगाला सरकतं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो. तोपर्यंत बेअरिंगवर धातूला धातू घासायला लागलेला असतो. आपण मात्र म्हणतो, "आत्ताच तर लागला."

तेल किती आहे ते सांगणारी वस्तू जुन्या गाडीत एकच. तिला कंपनी डिपस्टिक म्हणते, गॅरेजात गेज म्हणतात आणि आमच्याकडे सरळ पट्टी.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा मोठ्या रस्त्यापासून आत आहे आणि एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत, म्हणून घरातली जुनी मारुती ८०० माझ्या वाट्याला आली. कार्बोरेटरवाली. पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. माझी त्या दोहोंच्या मधली. पंधरा वर्षं झालेल्या कारच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, तेव्हा घरात "काढून टाक आता" हा विषय निघालाच. पाच हजारात दुसरी गाडी येत नाही, एवढं उत्तर पुरलं.

तर पट्टी. लांब, लवचिक, पातळ पोलादी पट्टी, वरच्या टोकाला बोट अडकवायला कडी. खालच्या टोकाशी दोन खुणा: कुठे छिद्रं, कुठे खाचा, कुठे एफ (फुल, वरची) आणि एल (लो, खालची) ही अक्षरं. बहुतेक गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर एक लिटरच्या आसपास असतं, लहान इंजिनात त्याहून कमी. एका लिटरला आपण फार किंमत देत नाही, पण ज्या इंजिनात सगळं मिळून तीन लिटर तेल, तिथे तो तिसरा हिस्सा झाला. पट्टी एकदा काढून लगेच वाचायची नसते, कारण गाडी चालताना उडालेलं तेल तिला वरपर्यंत माखलेलं असतं. काढायची, पुसायची, पूर्ण आत घालायची, पुन्हा काढायची. दोन्ही बाजू बघायच्या. दोन बाजूंना वेगवेगळी रेघ दिसली तर खालची खरी धरायची, कारण वरची बहुधा नळीच्या कडेला घासून लागलेली असते.

ऑइल बदलताना आमच्याकडे सर्रास चालणारी रीत अशी. जुनं सोडलं, बोल्ट आवळला, तीन लिटरचा डबा उपडा केला, झाकण लावलं, घ्या गाडी. ८०० मध्ये फिल्टरसकट तीन लिटरच्या आतबाहेर तेल बसतं, त्यामुळे डब्याचं माप बरोबरच वाटतं. पण जुनं तेल सगळं निघालं का, हे डब्याला कुठून कळणार? गार इंजिनमधलं घट्ट तेल अर्धवटच निथळतं. गाडी जॅकवर एका बाजूने उचललेली असेल तर चेंबरच्या कोपऱ्यात थोडं राहतं. पैसे वाचवायला फिल्टर बदलला नाही, तर त्याच्या पोटातलं काळं तेल तसंच. आणि आमच्याकडची खास गोष्ट म्हणजे चेंबरच ठोकलेलं असतं. पांदण रस्त्यावर बंडीच्या दोन चाकोऱ्यांमध्ये जो उंचवटा राहतो, तो लहान गाडीच्या पोटाला हमखास लागतो. चेंबर आत दबलं की तेवढंच तेल त्यात जास्त उंच उभं राहतं.

आणि तेल जास्त झालेलंही वाईटच. हे पटवून देताना माझा घसा सुकतो. "जास्त असलं तं बरंच ना!" नाही. फिरणारा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, तेलाच्या पृष्ठभागाला लागला की तेल घुसळलं जातं, फेसाळतं. फेसात हवा असते आणि हवेने बेअरिंग तरत नाही. वाढलेल्या तेलाचा मारा सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांवर होतो, वाफेच्या नळीतून ते एअर फिल्टरपर्यंत पोहोचतं, मागून निळा धूर. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका चकचकीत गॅरेजात माझ्या गाडीत असंच खुणेच्या चांगलं वर भरून दिलं होतं. काढून द्या म्हटलं तर तिथला पोरगा माझ्याऐवजी माझ्या भावाकडे बघून समजावत राहिला की थोडं वर असलेलं चांगलं. गावी आल्यावर फाट्यावरच्या मिस्त्रींनी काय केलं, तर जनावरांना इंजेक्शन द्यायची मोठी सिरिंज काढली, तिला सलाइनची नळी जोडली, नळी पट्टीच्या भोकातून आत सोडली आणि गरम तेल थोडं थोडं ओढून बाटलीत भरलं. बोल्टला हातही लावला नाही.

या मिस्त्रींकडे बसून मी जे शिकले, त्यातलं सगळ्यात मोलाचं एका कमांडर जीपवर शिकले. जीप आमच्याच गावातल्या एका भाऊंची. पूर्वी ती काळी-पिवळी म्हणून चालायची. आता शेतमाल, लग्नाची वऱ्हाडं, दवाखाना, जे पडेल ते. जीपचा क्लच घसरायचा. भाऊंनी क्लचप्लेट बदलली, पुन्हा तेच. प्लेट काढली की तेलाने न्हालेली. मागचं ऑइल सील गळतंय हे दिसत होतं, सील बदललं, तरी काही दिवसांनी पुन्हा ओलं. भाऊ रोज सकाळी पट्टी बघायचे, हे विशेष. आमच्या भागात रोज पट्टी बघणारा माणूस मला तरी दुसरा भेटलेला नाही. पट्टीवर तेल नेहमी खालच्या खुणेला टेकलेलं दिसायचं, म्हणून ते जरा जरा ओतत राहायचे.

मिस्त्रींनी तेल सोडलं आणि फेकलं नाही. लिटरच्या मापाने मोजून एका पिंपात ओतलं. त्यांच्या तेलकट डायरीत त्या इंजिनचा आकडा होता, त्याहून दीड लिटर जास्त निघालं. मग त्यांनी पट्टी हातात घेतली, उजेडात धरली, नळीशेजारी उभी लावून बघितली.

"भाऊ, हे पट्टी या इंजिनची हायेच नाही."

"मंग कोनाची हाये?"

"कोनाची का असंना. बुटकी हाये. तेलापर्यंत पुरतच नाही."

कधीतरी मूळ पट्टी हरवली किंवा तुटली असणार आणि भंगारातून कुठली तरी नळीत बसणारी लावली गेली असणार. आखूड पट्टी तेलाला जेमतेम टेकायची, भाऊ प्रामाणिकपणे तेल वाढवायचे, वाढलेलं तेल सील फोडून क्लचवर जायचं. जुन्या गाड्यांत हे फार होतं. इंजिनं बदललेली असतात, चेंबर दुसऱ्याचं असतं, नळी कापलेली असते. पट्टी बघा म्हणून सांगणारे पुष्कळ, पण पट्टी कोणाची आहे ते आधी बघा असं सांगणारं मला त्या दिवसापर्यंत कोणी भेटलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास मी वह्या तपासायच्या सोडून तिथेच बसले. मिस्त्रींनी नवा फिल्टर लावला, त्याच्या रबरी कड्याला आधी बोटाने ताजं तेल लावून. डायरीतल्या आकड्यापेक्षा एक लिटर कमी तेल मोजून ओतलं. मग जीप रस्त्यापलीकडच्या जिनिंगच्या धरमकाट्यावर नेली. हंगाम संपलेला होता, काटा रिकामा. त्यांच्या गॅरेजचं अंगण नालीकडे उतरतं; गावातले सिमेंटचे रस्तेसुद्धा मध्ये फुगीर आणि कडेला उतरते असतात; काळ्या मातीचं अंगण तर पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं, आज सपाट असलेलं उद्या तसं राहीलच असं नाही. कापसाच्या गाड्या तोलायचा काटा मात्र मुद्दाम तंतोतंत सपाट बसवलेला. पंचक्रोशीत एवढी सपाट जागा दुसरी नाही, असं मिस्त्री म्हणाले. मला मंदिराचा सभामंडप आठवला, पण तिथे जीप कोण जाऊ देणार?

काट्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं चालवलं, म्हणजे फिल्टर तेलाने भरला. बंद केलं. चहा सांगितला. भाऊ दोनदा उठले, दोनदा मिस्त्रींनी बसवलं. "वरचं तेल खाली उतरू द्या ना. कायची घाई हाये?" इंजिन बंद केल्यावर वरच्या भागातलं तेल चेंबरात परत यायला पाच-दहा मिनिटं लागतात, थंडीत त्याहून जास्त. त्याआधी पट्टी काढली तर ती कमी दाखवते.

चहा झाला. पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. नव्या तेलाची एक अडचण असते: ते इतकं स्वच्छ असतं की पोलादावर दिसत नाही. मिस्त्रींनी पट्टीचं टोक वर्तमानपत्राच्या तुकड्यावर आडवं टेकवलं. कागदावर डागच उमटला नाही. तेल पट्टीपर्यंत आलंच नव्हतं. मग त्यांनी पोराला एक लांब पत्र्याची पट्टी आणायला लावली, जुन्या पट्टीला खालून जोड दिला, दोन रिव्हेट ठोकले, रिव्हेटांची डोकी घासून सपाट केली, चांगली ओढून पाहिली. पुन्हा घातली. आता कागदावर डाग आला. त्याच्या कडेला कानशीने खाच पाडली. ही खालची खूण. मग उरलेलं एक लिटर ओतलं, पुन्हा इंजिन, पुन्हा थांबणं, पुन्हा कागद, दुसरी खाच. वरची खूण. लोखंडाचा कीस चिंधीने पुसून काढला आणि जुन्या खुणांवर कानशीने आडवी फुली मारली. पट्टी भाऊंच्या हातात देताना फक्त म्हणाले, "आता हे तुमची."

जोडलेला तुकडा आत गळून पडला तर काय, ही शंका मला तेव्हाही आली होती आणि मी ती बोलूनही दाखवली. मिस्त्रींनी मान्य केलं की खरी पट्टी मिळेपर्यंतचीच ही सोय. पुढे अमरावतीहून त्या इंजिनची पट्टी मिळाली, आणि धरमकाट्यावर मारलेल्या खाचा तिच्या खुणांच्या इतक्या जवळ होत्या की मिस्त्री आठवडाभर दोन्ही पट्ट्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. क्लचप्लेट त्यानंतर कोरडी आहे.

तेव्हापासून मी स्वतः दोन गोष्टी करते. ऑइल बदलताना गाडी आधी दोन-चार किलोमीटर फिरवून आणते, म्हणजे तेल पातळ होऊन नीट निथळतं. धार तुटली की लगेच बोल्ट लावू देत नाही. धारेचे थेंब होऊन थेंबांतलं अंतर वाढेपर्यंत थांबायला लावते. बोल्टखालचं वायसर नवं. बोल्ट आवळायला पाइप लावून जोर करणाऱ्याला हात जोडते, कारण चेंबरचे आटे गेले की ते काम महागात जातं. भरताना अर्धा लिटर हातचं राखायचं, बाकी ओतायचं, इंजिन चालवायचं, थांबायचं, पट्टी बघायची आणि मग राखलेल्यातलं लागेल तेवढंच. डब्यात थोडं उरलं तर उरलं. ते डिकीत चिंधीसोबत ठेवलेलं असतं, महिन्याकाठी लागतंच.

दुसरी गोष्ट, निघालेलं जुनं तेल रिकाम्या डब्यात ओतून बघते. मागच्या वेळी भरलेलं आणि मधल्या काळात वरून घातलेलं मिळून जेवढं होतं, त्यातलं किती परत आलं? जेवढं आलं नाही तेवढं गाडीने जाळलं किंवा गाळलं. दोन मिनिटांचं काम, पण गाडीच्या तब्येतीचा याहून खरा कागद मला ठाऊक नाही.

कोणतं तेल, यावर फार बोलत नाही. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० आमच्या जुन्या इंजिनांना मानवतं. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. २०डब्ल्यूची थंडीतली मुख्य कसोटी उणे १५ अंशांवर घेतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा त्या आकड्याची चिंता यवतमाळ जिल्ह्यात कोणी करू नये. दुसरा आकडा गरम इंजिनमधल्या दाटपणाचा, आणि आपल्याला काम त्याच्याशी. नव्या गाड्यांसाठी निघालेलं पाण्यासारखं ०डब्ल्यू-२० कोणी "भारी आहे" म्हणून जुन्या, झिजलेल्या इंजिनात ओतलं, तर बाजारात गाडी उभ्या उभ्या चालू असताना तोच लाल दिवा मिचकावू लागेल.

पट्टीवरचं तेल कमी होणं सगळ्यांना कळतं. वाढणं कळत नाही. आमच्या एका सहकारी शिक्षकांची जुनी पद्मिनी कार होती. ते अभिमानाने सांगायचे की गाडी तेल खातच नाही, उलट दोन महिन्यांत खूण वर सरकली. मी पट्टी मागितली आणि नाकाशी नेली. पेट्रोलचा उग्र वास. या जुन्या कार्बोरेटर गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनलाच लावलेला असतो आणि त्यात एक पातळ पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल इंजिनच्या आत, थेट चेंबरात उतरतं. तेल पातळ होतं, पातळी वाढते, मालक खूश. असं तेल बघितल्या बघितल्या काढून टाकायचं, पंप दुरुस्त करायचा आणि तोपर्यंत गाडी सुरूही करायची नाही. पट्टीवर जास्त दुधाच्या चहाचा रंग दिसला तर गोष्ट वेगळी: रेडिएटरचं पाणी तेलात मिसळतंय, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं पॅकिंग, गेलेलं. दोन्ही वेळा लाल दिवा विझलेलाच असू शकतो.

सोडलेल्या तेलाचा प्रश्न गावात प्रश्न समजला जात नाही. गाडीखाली पसरट भांडं ठेवलं की बाटली घेऊन कोणीतरी हजर. "मॅडम, जळकं ऑइल द्या ना." आता बंड्यांना रबरी टायर आणि बेअरिंग आली, लाकडी आखाला ओंगण लावायचे दिवस सरले, पण जळक्या ऑइलची मागणी तशीच. कुंपणाच्या खांबांना उधई लागू नये म्हणून, फाटकाच्या बिजागरीला, वखराच्या पासेला गंज नको म्हणून. इथवर मी गप्प असायचे. पण गोचीड जावेत म्हणून कोणी ते बैलाच्या अंगाला चोळतं, तेव्हा मला बोलावं लागतं. जळक्या तेलात इंजिनची झीज असते, जळणातून आलेली विषारी द्रव्यं असतात, त्यातली काही कॅन्सरला कारण ठरणारी. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल मोडतं ते उगाच नाही. खांबाला लावलेलंही पावसात मातीत उतरतं, आणि आमच्या विहिरी कुंपणापासून दूर थोड्याच असतात? आता माझं सगळं तेल मिस्त्रींच्या पिंपात जातं. ते विकत घेऊन जाणारा माणूस येतो. यावरून गावात मला कंजूष ठरवलंय. ठरवू द्या.

आता लोक जुनी गाडी बघायला मला सोबत नेतात, ही नवी आफत. मागच्या उन्हाळ्यात त्याच पद्मिनीवाल्या सरांबरोबर कारंज्याला गेले होते, एक लाल मारुती झेन बघायला. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. पट्टी काढली तर तेल सोनेरी, वरच्या खुणेला बरोब्बर टेकलेलं. सर खूश. मी खूश नव्हते. विकायच्या आदल्या दिवशी तेल कोणीही बदलतो, म्हणून नव्या तेलावरून काहीच कळत नाही. जुनं, वापरातलं तेल योग्य खुणेला दिसलं असतं तर मी जास्त निश्चिंत झाले असते. तेल भरायचं झाकण उघडून उलटं केलं. आतून काळ्या डांबराचा थर. याआधी तेल किती दिवस बदललेलं नव्हतं, ते झाकणाने सांगितलं. मग मी विकणाऱ्याला म्हटलं, इंजिन पूर्ण गार होऊ द्या, आम्ही गावात जेवून येतो, परत आल्यावर मी स्वतः सुरू करणार. परत आलो, चावी फिरवली, मागून निळ्या धुराचा एक भपकारा निघाला आणि विरला.

गाडी सरांनी तरीही घेतली, कारण भाव बराच खाली आला आणि वहिनींना लालच हवी होती. ती महिन्याला पाव-अर्धा लिटर तेल पिते. सरांना कोणीतरी घाबरवलं होतं की आता हाफ इंजिन करावं लागणार, म्हणजे इंजिन अर्धं उघडून पिस्टनच्या रिंगा बदलाव्या लागणार. मिस्त्रींनी त्यांना चढावर गाडी चालवायला लावली, स्वतः मागच्या सीटवर उलटं बसून काचेतून धूर बघितला. चढावर, जोरात असताना धूर नाही. फक्त गार इंजिन सुरू करताना येतो. म्हणजे रिंगा शाबूत, व्हॉल्व्हची सीलं कडक होऊन गेलेली, आणि सीलं म्हणजे हाफ इंजिनच्या मानाने चिल्लर काम. दिवाळीच्या सुट्टीत करू म्हणालेत. तोवर सर दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यासमोरच्या फरशीवर गाडी आणून लावतात, पंधरा मिनिटं पेपर वाचतात आणि मग पट्टी काढतात.